उलटं लावलेलं बी

एका गावात एक शाळा होती. शाळेला दोन खोल्या, एक घंटा आणि एक नियम होता. नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण तोच सगळ्यात पक्का होता. या शाळेत शिकवणाऱ्याने ‘मला माहीत नाही’ असं कधी म्हणायचं नाही.

त्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. बाई गावातही नव्याच होत्या. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सासरी कुठला डबा कुठल्या फळीवर हे अजून पाठ व्हायचं होतं, तोवर मोठ्या गुरुजींनी त्यांच्या हातात विज्ञानाचं पुस्तक ठेवलं. बाईंना कविता छान शिकवता येत. गणितही बरं येई. विज्ञान म्हटलं की मात्र तळहाताला घाम सुटे.

“गुरुजी, मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?”

गुरुजी हसले. “तर म्हणायचं, उद्या सांगते. पोरं विसरतात. मी तीस वर्षं उद्याच सांगतोय.”

बाईंना धीर आला. त्या धडा वाचून दाखवत, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहीत, मुलं ती उतरवून घेत. कुणी बोट वर केलं की बाई घाईघाईने फळा पुसायला वळत. त्या वर्षी फळा फार स्वच्छ राहिला.

दिवाळी सरली आणि धनगरांची मेंढरं गावात उतरली. शेतात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून गाव त्यांना दरवर्षी पंधरा दिवस ठेवून घेई. त्यांच्यात बाणू नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिची आत्या याच गावात दिलेली होती. आत्याच्या मुलांबरोबर बाणू शाळेत गेली, शेवटच्या रांगेत बसली, आणि संध्याकाळी पालावर परतून बापाला म्हणाली, “बा, मला हितंच ऱ्हायचंय. आत्याकडं. शाळेत.”

बाप चातीवर लोकरीचं सूत काढत बसला होता. “शाळेत असं काय शिकिवत्यात? मेंढराचं दुखणं मला कळतं. आभाळ मला कळतं. चांदण्या बघून वाट मला कळती.”

बाणू तिथेच उभी राहिली. बापाने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं.

“बरं, पैज लाव. मला येत न्हाई असा एक सवाल बाईंना इचार. बाईंनी वाट दावली, तर तू हितं ऱ्हा. न्हाई दावली, तर चल माझ्यासंगं, कोकरांमागं माणूस पायजेच. पर पैजेचं बाईंना सांगायचं न्हाई. दया येऊन कायबी सांगतील.”

बाणूने दोन दिवस प्रश्न शोधला. अडचण अशी की बापाला बरंच काही येत होतं. शेवटी तिने विचारलं, “बा, बी पेरताना उलटं पडलं, तर त्याचं मूळ आभाळात जातं का?”

बापाच्या हातातली चाती थांबली. “हे मला न्हाई ठावं,” तो म्हणाला, आणि का कोण जाणे, खूश झाला.

दुसऱ्या दिवशी बाणूने वर्गात तोच प्रश्न विचारला. बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं, परत सुलटं केलं. मुळांचा धडा होता, मुळांचे प्रकार होते. उलट्या बीचं कुठे काही नव्हतं.

“उद्या सांगते हं,” बाई म्हणाल्या.

उद्या आला. बाणू पहिल्या रांगेत येऊन बसली. बाईंनी तिच्याकडे न बघता धडा वाचला. परवाही तसंच. घरी बाईंनी दोन पुस्तकं चाळली, नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “बी कुणी सुलटं-उलटं बघून पेरतं का? टाकायचं, माती लोटायची.” पुस्तकांच्या फळीवरच सासूबाईंनी मटकी ओल्या फडक्यात मोडासाठी बांधून ठेवली होती. बाईंनी ती उचलून बाजूला ठेवली आणि मागचं पुस्तक काढलं.

पाचव्या दिवशी शाळा सुटताना बाणू दारात थांबली.

“बाई, आज सांगा ना. उद्या आमची पालं उठणार.”

मुलं दप्तरं भरायची थांबली. नेमके मोठे गुरुजी घंटेजवळ उभे होते. बाईंच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. साधंच होतं, तीन शब्दांचं. पण सगळे बघत होते.

“पुस्तकात नसतं ते विचारायचं नसतं, बाणू,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा कडक आला.

बाणूने मान हलवली. “बरं बाई,” म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी फडकं सोडलं. मटकीला पांढरे, वाकडे मोड आले होते. बाई बघतच राहिल्या.

“आई, बी उलटं लावलं तर मूळ कुठे जातं हो?”

“मला काय माहीत?” सासूबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. “लावून बघ की.”

तीन शब्द. कांदा चिरता चिरता. सासूबाईंना ना घाम फुटला, ना त्यांचा मान गेला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सासूबाईंनी कांद्याला बोल लावला.

सकाळी बाई काचेचा पेला आणि मूठभर वाल घेऊन धावत माळावर गेल्या. पालं उठली होती. चुलीचे तीन दगड होते, लेंड्या होत्या, आणि शेणी गोळा करणारी बाणूची आत्या होती.

आत्याने त्यांना पैज सांगितली.

“पण मला उत्तर येतच नव्हतं हो,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“नुसतं ‘बघू या’ म्हणाला असतात, तरी भावानं ठेवली असती की तिला. निदान मूळ फुटंस्तोवर.” आत्याने पदराने घाम पुसला. “पैज हरायलाच बसला होता त्यो. बाजारातनं पाटीबी आणून ठेवली होती.”

“ती पाटी?”

“गेली संगं. पाण्याच्या हंड्यावर झाकण लागतंच.”

बाई शाळेत आल्या. त्यांनी पेल्यात ओलं फडकं बसवलं, काच आणि फडक्याच्या मध्ये चार वाल सुलटे लावले, चार उलटे. मग वर्गाकडे तोंड करून म्हणाल्या, “मूळ कुठे जाईल, मला माहीत नाही.”

दाराशी मोठे गुरुजी खोकले. मग कुणीतरी ओरडलं, “बाई, मलापण माहीत नाही!” आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला बाईंचे तळहात पहिल्यांदाच कोरडे राहिले.

उलट्या वालांचं मूळ आधी वर निघालं, थबकलं आणि पाचव्या दिवशी वळून खाली आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पहिल्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

पुढे बाई विज्ञानाच्या बाई म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. लोक म्हणत, केवढा आत्मविश्वास आलाय यांच्यात! तो कुणाची जागा रिकामी करून आलाय, हे बाई कुणाला सांगत नसत.

वर्षाने मेंढरं परत आली. बाणू वीतभर उंच झाली होती. खांद्यावर कोकरू होतं. ती कुंपणाबाहेरच थांबली.

“बाई, मूळ खालीच येतं बघा. वळून येतं. मी वाटेत गाडग्यात लावून बघितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.”

वालांचा तो पेला अजून वर्गाच्या खिडकीत होता. बाईंनी तो दाखवला नाही.

“बाणू, मला तेव्हा माहीत नव्हतं गं.”

“मग तेव्हाच म्हणायचं ना, बाई,” बाणू हसून म्हणाली. “दोघींनी मिळून बघितलं असतं.”

“आता येशील शाळेत?”

बाणूने वर्गाकडे एकदा नीट पाहिलं. पहिल्या रांगेत आता दुसरंच कुणी बसलं होतं.

“आता कोकरं माझ्यावर हायती,” ती म्हणाली. कोकरू सारखं करून ती माळाकडे चालू लागली. बाई ती दिसेनाशी होईपर्यंत कुंपणाशी उभ्या होत्या. मग आत जाऊन त्यांनी नव्या वालांसाठी पेल्यातलं फडकं पुन्हा ओलं केलं.

तात्पर्य: उलटं पडलेल्या बीचं मूळ वळून खाली येतं. ‘माहीत नाही’ म्हणायच्या लाजेपायी परत पाठवलेलं मूल वळून येईलच असं नाही.