आंब्यावर कॉफी

लग्नाला महिना झाला होता. शाल्मलीने माहेरून आणलेल्या मिक्सरमध्ये हापूसच्या फोडी, गार कॉफी, नारळाचं दूध आणि बर्फ घालून बटण दाबलं, तोच सासऱ्यांचे थोरले भाऊ अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. अप्पांच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नसे.

“आंब्यात कॉफी? अगं, ही दोन एका पोटात गेली की माणूस आडवा होतो! तो मिक्सर आजच माळ्यावर टाका.”

शाल्मली म्हणाली, “बरं, अप्पा,” आणि मिक्सर माळ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अप्पांनी रोजच्यासारखा हापूस चापला, त्यावर कपभर कॉफी घेतली आणि तृप्त ढेकर दिला. शाल्मली लगबगीने उशी घेऊन आली.

“उशी कशाला गं?”

“आंब्यावर कॉफी झाली ना, अप्पा, आता तुम्ही आडवे व्हाल. महिनाभर मी वेडी समजत होते, तुम्ही वामकुक्षी घेता.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पांनी उशीकडे पाहिलं, मग माळ्याकडे.

“उतरव तो मिक्सर,” ते म्हणाले. “आणि माझ्या पेल्यात बर्फ जास्त घाल.”