करवतकाठी साडी

"…मग माझंच नाव का खोडलं, बाई?"

मधुरा लांजेवारनं मोबाइल बाईंच्या डोळ्यांसमोर धरला होता. नागपुरातल्या हातमागाच्या शोमधले फोटो. तिचा पहिलाच रॅम्प, आणि तीन वर्तमानपत्रांनी नेमकं तिलाच छापलं होतं. तरी दिल्लीच्या शोच्या यादीत ती नव्हती. दिल्लीत मोठे डिझायनर येतात. तिथे एकदा चाललं की काम मागत फिरावं लागत नाही.

इंदूबाई सोहनी एकेकाळच्या मॉडेल. आता मुलींना रॅम्पवर चालायला शिकवत, आणि दिल्लीला कोण जाणार हेही त्याच ठरवत. त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही.

"बोला ना! पाय अडखळला माझा? तोल गेला?"

"नाही."

"मग?"

"साडी कुठली होती?"

"टसरची. हळदी रंगाची."

"काठ?"

मधुरा मोबाइलमधला फोटो मोठा करून बघू लागली.

"काठ कसा होता गं?"

"असेल कसलातरी! लोक काय काठ बघायला येतात?"

झालं. बाईंच्या रागाला आधीच निमित्त लागत नसे, आणि हे तर चांगलं मोठं निमित्त होतं.

"एक माणूस आला होता काठ बघायला! धकाते. विणकर. मोहाडीहून दोन एसट्या बदलून. वीस दिवस मागावर बसून त्यांनी तो करवतीच्या दातांसारखा काठ विणला. शेवटच्या रांगेत बसले होते. शो संपला, माणसं गेली, हे उठेचनात. मला विचारतात, 'बाई, माही साडी कवा येते जी?'"

बाईंनी मधुराच्या खांद्याकडे बोट केलं.

"पदराची दोरी करून खांद्यावर टाकलीस. टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवलास, उरलासुरला काठ हाताखाली दाबलास. कोणत्या तोंडानं सांगू त्यांना, की साडी तुमच्या समोरूनच गेली?"

"पोज तशीच देतात, बाई! सगळ्याच देतात. मॉडेल दिसायला नको?"

"जा. मागे बस."

"पण बाई…"

"मागे बस म्हणते ना!"

मधुरा पाय आपटत शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. बाई आत गेल्या आणि तीच साडी नेसून बाहेर आल्या. वय अडुसष्ट. एका अपघातापासून उजवा पाय ओढत चालायच्या. मुली त्यांच्या पाठीमागे त्या चालीची नक्कल करून हसत. सगळ्यांत हुबेहूब नक्कल मधुरा करायची.

बाई सरावाच्या रॅम्पवरून निघाल्या. पदर मोकळा. हात अंगाशी. टोकाला आल्या, पदर दोन बोटांनी जरासा पुढे धरला, वळल्या, परत गेल्या.

मधुरा आधी हाताची घडी घालून बसली होती. मग घडी सुटली. मग ती पुढे वाकली. लाल दात हळदी रंगात शिरले होते, खांद्यापासून थेट जमिनीपर्यंत, एकेक दात हातानं बसवलेला. एवढं सगळं आपण अंगावर घेऊन चाललो होतो, हे तिला आत्ता कळत होतं.

"किती लंगडले मी?" बाईंनी तिथूनच विचारलं.

मधुरानं घाईनं बाईंच्या पायांकडे पाहिलं.

"सांग की! नक्कल तर झकास करतेस. मला काय माहीत नाही?"

"…लक्ष नव्हतं, बाई."

"कुठे होतं?"

मधुराची नजर अजून त्या काठावरच होती. डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं की लाजेचं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

डोळे पुसत ती म्हणाली, "मग दिल्लीला मी…"

बाईंनी साडी बदलली, घडी केली आणि तिच्या हातात कोंबली.

"आधी मोहाडीला जा. हीच नेसून धकात्यांच्या दारात उभी राहा. आणि साडी बघायच्या आधी त्यांनी तुझं नाव विचारलं, तर परत येऊ नकोस."