धामणटेकचे आठ रात्रींचे नवरात्र

धामणटेकला नवरात्र आठ रात्रींचे असते. पंचक्रोशीत सगळीकडे प्रतिपदेला घट बसतात, पण टेकाईच्या देवळात त्या दिवशी गाभाऱ्यात नुसती सारवलेली जागा असते. देवीला लुगडे नेसवलेले, दिवा लावलेला, आणि घटाचा पत्ता नाही. नवा भाविक गोंधळतो. गुरवाला विचारले तर तो देवळामागच्या उताराकडे बोट दाखवतो. तिथे कुंभाराचा आवा आहे, मडकी भाजायचा, आणि त्या दिवशी सगळे गाव त्याच्याभोवती बसलेले असते. घट बसतो दुसऱ्या दिवशी. त्यामुळे दसऱ्याला टोपीत खोवायचे धान इथे बोटभर बुटके निघते. धामणटेकची देवी उशिरा उठते, असे शेजारची गावे चिडवतात. गावकरी ते हसून ऐकून घेतात.

ही रीत कशी पडली ते देवळाच्या पायरीवर बसून गुरवांकडची जुनी माणसे सांगतात. राज्य कुणाचे होते ते त्यांनाही ठाऊक नाही. आवडाईचे नाव मात्र कुणी विसरत नाही.

आवडाई कुंभाराची सून. ऐन तारुण्यात नवरा तापाने गेला आणि घरात दोघेच उरले, ती आणि तिचा सासरा राणोजी. राणोजी डोळ्यांनी आंधळा होता, पण चाकावर बसला की त्याच्या हातांना डोळे फुटत असे म्हणतात. माती आणायची, तुडवायची, मडकी थापटायची, आवा रचून भाजायचा ही कामे आवडाईची. ती उंच होती, कमी बोलायची, आणि जे बोलायची ते समोरच्याच्या तोंडावर. अशी बाई गावाला लागते खूप आणि आवडते कमी.

त्या काळी मुलांची शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. पंतोजी होते विसाजीपंत. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते, त्यांच्या आधी आजोबा. त्यामुळे गावात ज्याला म्हणून दोन अक्षरे येत, ती त्याच घराण्याच्या छडीखालून आलेली. शिकवून झाले की पंतोजी विचारत, "समजले?" आणि सगळी पोरे एका सुरात "समजले" म्हणत. कशाला काही समजलेले असायचे! पण जो नाही म्हणेल त्याला गुडघ्यांवर बसवून डोक्यावर धोंडा ठेवायची पद्धत होती. त्यामुळे पोरे दुसरे काही शिकली न शिकली, मान डोलवायला पक्की शिकत. तीच पोरे पुढे मोठी होऊन पंच झाली, पाटील झाली, चार माणसांत बसू लागली.

एकदा आवडाई शाळेचा नवा माठ घेऊन देवळात गेली. केरू तेल्याचा पोरगा मंडपाबाहेर भर उन्हात गुडघ्यांवर बसला होता, डोक्यावर धोंडा, मान थरथरत होती. तिने माठ खाली ठेवला, काय झाले ते विचारले. बाकीच्या पोरांनी सांगितले की हा समजले नाही म्हणाला. आवडाईने धोंडा उचलून बाजूला ठेवला आणि पंतोजींना एवढेच विचारले, की ज्याला समजले नाही त्याने ते सांगायचे तरी कुठे. ती माठाखाली वाळू सारून घरी आली आणि ती गोष्ट विसरूनही गेली.

गाव विसरले नाही. पारावर बैठक बसली. पंतोजी म्हणाले, एका बाईने भर शाळेत माझा मान घालवला, मी हे गाव सोडतो. कुणीतरी म्हणाले, तिला समज द्यायला हवी. दुसरे कुणीतरी म्हणाले, नुसती समज कशाला. वाळीत टाकण्याचा शब्द नेमका कुणाच्या तोंडून निघाला ते आजतागायत कुणाला सांगता आलेले नाही. हैबतराव पाटलाने पंचांकडे पाहिले, पंचांनी पाटलाकडे. मग एक मान हलली, तिच्या शेजारची हलली, आणि बघता बघता साऱ्या पाराने मान डोलावली. देवळात नाक घासून माफी मागायची, नाहीतर दसऱ्याला शीव ओलांडायची ती परत न येण्यासाठी, असे ठरले.

दुसऱ्या दिवसापासून आवडाईशी कुणी बोलेना. विस्तव मिळेना, तळ्याची माती बंद, पाणवठ्यावर ती आली की बाया घागरी उचलून चालू लागत. केरू तेल्यानेही तेल बंद केले. तिला राग आला तो या शेवटच्या गोष्टीचा. घरात दिवा नव्हता याचे तिला काही नव्हते, सासऱ्याला तसाही दिवा लागत नव्हता. पण केरूने पाहून न पाहिल्यासारखे करावे, हे तिच्या जिव्हारी लागले. रात्री ती रडली असेलही. सकाळी तिचे डोळे कोरडे असत.

राणोजी म्हातारा होता, घाबरला होता. या आव्यावर त्याच्या सात पिढ्यांची राख होती. आंधळ्या माणसाने परक्या गावात पाय कुठे ठेवायचा? त्याने सुनेची मनधरणी केली. "माग माफी, पोरी. नाक घासलं म्हून काय झिजतंया व्हय?"

"नाक घासायची मला लाज न्हाई, मामंजी," आवडाई म्हणाली. "पर कशापायी घासायचं, ते कुणीतरी सांगावं की."

राणोजी चाकाकडे सरकला आणि माती हातात घेऊन बसून राहिला.

आता गंमत बघा. वाळीत टाकायचे ठरले ते भादव्यात, आणि एवढ्या शहाण्या पारावर एकाच्याही ध्यानात आले नाही की पुढे नवरात्र आहे. टेकाईचा घट गावच्या तळ्याच्या मातीचा आणि गावच्याच कुंभाराच्या हातचा लागतो. सर्वपित्रीला गुरवाने आठवण केली तेव्हा पाटलाला घाम फुटला. पितळेचा तांब्या चालेल का म्हणून विचारून झाले, तर गुरव चालत नाही म्हणाला. माणूस शेजारच्या गावच्या कुंभाराकडे पळवला. दुसऱ्याच्या गावचा घट मी घडवणार नाही, असे सांगून त्याने पाणी पाजून परत पाठवले. तेव्हा प्रतिपदेच्या पहाटे पाटील, पंच, पंतोजी, गुरव असे सगळे उतार उतरून आव्यापाशी आले. ज्या दारात जायचे नाही असे त्यांनी ठरवले होते, त्याच दारात ते उभे राहिले.

घट तयार होता. खड्ड्यात भिजत घातलेली जुनी माती शिल्लक होती. त्यातून राणोजीने तो घडवला होता आणि आवडाईने चकमकीने आवा पेटवून भाजला होता. आव्याच्या कडेला तो लालबुंद घट ठेवलेला पाहून गुरवाचा जीव भांड्यात पडला. तो उचलायला वाकला, तशी आवडाई पुढे आली. ती घटाशेजारी मांडी घालून बसली.

"देवीशी माझं भांडान न्हाई," ती म्हणाली. "घट तिचाच हाय. पर जो न्यायला येईल त्यानं मला वाळीत का टाकलं ते सांगायचं, आन मग न्यायचा."

पाटील म्हणाला, गावाने ठरवले.

"गावाला मी इचारलं न्हाई. गावाला तोंड न्हाई, पाटील. तुमाला हाय."

पाटलाला असे कुणी बोलले नव्हते. तो लालेलाल झाला, पण मुहूर्त टळत होता, म्हणून त्याने उत्तर शोधून पाहिले. पंतोजी नाराज झाले म्हणून, असे तो म्हणाला. पंतोजी म्हणाले, मी फक्त गाव सोडतो म्हणालो होतो, वाळीत टाका असे मी म्हणालो नाही. पंच म्हणाले, पाटलांनी मान हलवली म्हणून आम्ही हलवली. पाटील म्हणाला, तुम्ही हलवलीत म्हणून मी हलवली. एव्हाना सगळे गाव जमले होते. त्यातल्या बायांना विचारले तर त्या नवऱ्यांकडे बघू लागल्या. चेंडू या हातातून त्या हातात फिरत राहिला आणि आवडाई ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतके दिवस आपली काहीतरी मोठी चूक झाली असेल, आपल्यालाच ती कळत नसेल, असे तिला रात्री रात्री वाटले होते. ते ओझे तिथेच उतरले. राग तेवढा राहिला.

ऊन वर आले तसा पाटलाचा धीर सुटला. घट उचलून आण, असे त्याने कोतवालाला फर्मावले. कोतवाल एक पाऊल पुढे आला, आणि त्याच वेळी म्हातारा राणोजी चाकावरून उठला. चाचपडत आला, घट दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला. हा घाबरलेला म्हातारा घट आपल्या हातात देईल, असे सगळ्यांना वाटले.

"मला दिसत न्हाई, पर ऐकाया येतं," राणोजी म्हणाला. "सकाळधरनं कान देऊन बसलोय. येवढ्या तोंडांतनं येक उत्तर आलं न्हाई. माजी सून बराबर हाय. ह्यो घट माज्या हातानं झालाय, कुणी वढला तर माज्याच हातानं फुटंल. पाप लागलं तर मला लागू द्या."

कोतवाल मागे सरला. आवडाईने सासऱ्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवले. मुहूर्त टळला. धामणटेकच्या देवीचा घट त्या दिवशी बसला नाही. असे पूर्वी कधी झाले नव्हते आणि बाया रडू लागल्या. पण कुणी उठून गेले नाही. जाणार कुठे, देवीला काय सांगणार?

दिवस कलला तेव्हा गर्दीच्या मागून केरू तेली उठला. तो पंच नव्हता, त्याला कुणी बोल म्हटले नव्हते. तो आवडाईपुढे येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "माज्या पोराच्या डोक्यावरचा धोंडा हिनं काढला. आन मी हिचं तेल बंद केलं. का केलं ते मला समजलं न्हाई. समद्यांनी मान हलवली, मीबी हलवली. समजलं न्हाई म्हनायची मला भ्या वाटलं."

एवढे बोलून तो मटकन खाली बसला. मग एक बाई उठली आणि तेच बोलली. मग दुसरा उठला. कुणी रडत बोलले, कुणी चिडून, कुणी तोंडातल्या तोंडात. जो पुटपुटला त्याला राणोजीने पुन्हा बोलायला लावले. अंधार पडल्यावर पाटील उठला, आणि पागोटे काढून बोलला. विसाजीपंतांना मात्र उजाडेपर्यंत जमले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले की माझ्या वडिलांनी माझ्याही डोक्यावर धोंडा ठेवला होता. तो का ठेवला, ते मला कधी समजले नाही. मी विचारलेही नाही.

तेव्हा आवडाईने घट गुरवाच्या हातात दिला.

पाटलाने वाळीत टाकणे मागे घेतल्याचे जाहीर केले आणि तिला लुगडे-चोळी देऊ केली. गावाला वाटले, आता गोड होईल. आवडाईने लुगड्याला हात लावला नाही.

"वाळीत मी नव्हतेच," ती म्हणाली. "मी हितंच हुते, ह्याच आव्यापाशी. तुमीच यायचं बंद झाला हुता. तवा तुमीच परत आला म्हना."

आणि तिने एक अट घातली. दरवर्षी प्रतिपदेला घट न्यायला यायचे ते सगळ्या गावाने असेच यायचे, आणि वर्षभरात कुठे न समजता मान डोलावली ते आपल्या तोंडाने सांगून घट न्यायचा. ज्या वर्षी हे बंद होईल त्या वर्षी हा आवा पेटणार नाही. गावाने कबूल केले. धोंड्याची शिक्षा त्याच दिवशी बंद झाली. त्या वर्षी देवी कोपली असती तर लोकांनी सगळा दोष आवडाईवर ढकलला असता, पण देवी काही कोपली नाही. तिला एका दिवसाची घाई नसावी.

आजही प्रतिपदेला धामणटेक आव्याभोवती बसते. सरपंच असो, शाळेतले गुरुजी असोत, नाहीतर नवी नवरी असो, ज्याचे त्याने बोलायचे, आणि सगळ्यांचे सांगून होईतो दिवस सरतो. "सगळे म्हणत होते" हे उत्तर चालत नाही. अलीकडेच एक मोठे पुढारी पहिल्याच दिवशी गाड्यांचा ताफा घेऊन आरतीला आले. घट नाही म्हटल्यावर त्यांच्या माणसांनी आव्यावर येऊन घट मागितला. आताची कुंभारीण शेवंताबाई, तिने त्यांना बसायला पोते दिले आणि घट आजच का हवा ते विचारले. पुढारी हसून म्हणाले की जनतेची इच्छा आहे.

"जनता ही समोर बसलीया," शेवंताबाई म्हणाली. "तिचं ती सांगंल. तुमचं सांगा."

पुढाऱ्यांनी बैठकीवर नजर फिरवली. समोर सगळे गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि एकाही माणसाने मान डोलावली नाही. ते उठून गाडीत बसले आणि गेले. घट दुसऱ्या दिवशी बसला.