वाढीव मर्यादा

एकदा एक मनुष्य अगदी साधा प्रश्न घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. प्रश्न साधा होता, तरी गेले पंधरा दिवस त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्या मनुष्याचे नाव रत्नाकर. वय पन्नाशीला टेकलेले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो भांडार सांभाळत असे. चिठ्ठीवर साहेबांची सही नसेल तर तो कोणाला एक खिळासुद्धा देत नसे. त्याबद्दल त्याची तिथे ख्याती होती. गुरुजींनी त्याला शाळेत संस्कृत शिकवले होते. त्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. गुरुजी निवृत्त होऊन कालव्याच्या कडेला दोन खोल्यांत एकटेच राहत. वर्षातून तीन-चारदा रत्नाकर त्यांना भेटायला जाई, पाया पडे, थोडा वेळ बसे आणि उठे. विचारायला म्हणून तो प्रथमच आला होता.

रविवारची दुपार होती. गुरुजींनी चहाचे आधण ठेवले आणि म्हणाले, "चेहरा का उतरलाय रे तुझा?"

रत्नाकरने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. कागदाच्या मधोमध रेघ मारून त्याने दोन बाजू केल्या होत्या.

"गुरुजी, माझ्याकडे एक क्रेडिट कार्ड आहे. त्याची मर्यादा दीड लाखाची. ती आता संपत आलीय. चार हजारांच्या आसपास उरलेत. बँकेचा मेसेज आलाय, मर्यादा वाढवून तीन लाख करून देतो म्हणतात. आणि कंपनीच्या गेटवर दुसऱ्या एका बँकेचा माणूस येतो, तो नवीन कार्ड घ्या म्हणून मागे लागलाय. दोन लाखांचं. पहिलं वर्ष फुकट. दोन्हींतलं कोणतं घ्यावं, तेवढं सांगा."

"फरक काय दोन्हींत?"

रत्नाकरने कागद वाचून दाखवला. मर्यादा वाढवली तर एकच बिल, एकच तारीख, नवीन कागदपत्रे नाहीत. पण एकाच ठिकाणी ओझे फार. नवीन कार्ड घेतले तर ओझे विभागले जाईल, खरेदीवर पॉइंट मिळतील, पण दोन तारखा सांभाळाव्या लागतील, आणि दुसऱ्या वर्षापासून फी. त्याने सगळे बारकाईने लिहिले होते. जुने दीड लाख कसे फिटणार, हे मात्र कागदावर कुठे नव्हते. दरमहा तो बँकेने सांगितलेली किमान रक्कम तेवढी भरत असे. उरलेल्यावर व्याज चढत राही.

गुरुजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. चहा दोन कपांत गाळला. एक कप रत्नाकरसमोर ठेवला आणि म्हणाले,

"उत्तर देतो. पण त्याआधी माझं एक काम आहे. मला पंचवीस हजार रुपये हवे आहेत. रोख. आत्ता. देशील?"

गुरुजींनी उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितल्याचे त्याला आठवत नव्हते. कशासाठी हवेत, परत कधी मिळतील, हे विचारायचे त्याच्या मनातही आले नाही. "देतो ना गुरुजी," असे म्हणून त्याने कपावर बशी झाकली, फोन काढला, बँकेच्या त्या मेसेजवर बोट ठेवले, आलेला ओटीपी भरला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याची मर्यादा तीन लाखांची झाली. तो पायांत चपला सरकवून नाक्यावरच्या एटीएमकडे गेला आणि पाचशेच्या नोटांची गड्डी घेऊन परत आला. ती त्याने दोन्ही हातांनी गुरुजींपुढे ठेवली. येताना त्याचा ऊर थोडा भरून आला होता. गुरुजींच्या उपयोगी पडता आले, याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

"बस," गुरुजी म्हणाले. "चहा घे."

बशी काढली तेव्हा चहा अजून गरम होता.

"पंधरा दिवस तू विचार करत होतास," गुरुजी म्हणाले. "कागदावर रेघ मारलीस, दोन बाजू लिहिल्यास. मी मागितले, आणि चहा निवायच्या आत तुझा निर्णय झाला. हे तुझ्या लक्षात आले का?"

खरोखरच त्याच्या लक्षात आले नव्हते.

गुरुजींनी नोटांची गड्डी त्याच्याकडे सरकवली. "मला पैसे नको आहेत. मला पेन्शन पुरते. हे आजच्या आज परत भर. रोख काढायला काही शुल्क लागले असेल ना?"

"लागतं. सात-आठशे होतील."

गुरुजींनी उठून डब्यातून आठशे रुपये काढले. "हा भुर्दंड माझ्यामुळे. घे."

"राहू द्या हो गुरुजी, त्यात काय एवढं!"

"पाहिलेस? दुसऱ्यामुळे अंगावर पडलेला भुर्दंड नाकारणेही तुला जमत नाही." गुरुजींनी नोटा त्याच्या मुठीत कोंबल्या. मग ते समोरच्या खुर्चीवर बसले. कालव्यावर कोणी बाई धुणे आपटत होती, तेवढाच आवाज येत होता.

"रत्नाकर, घरातल्या किंवा नात्यातल्या कोणाला 'नाही' म्हटल्याचे तुला आठवते? शेवटचे?"

रत्नाकरने मान खाली घातली. त्याला आठवत होते. तारीखसुद्धा आठवत होती.

सहा वर्षांपूर्वीचा वैशाख. त्याची आई म्हणाली होती, "रतन, मला एकदा माहेरी नेऊन आण रे. दोनच दिवस. एसटीत आता मला बसवत नाही, गाडी कर." घाट उतरून साडेचार तासांवर तिचे गाव. तिथे तिचे कोणी उरले नव्हते. नुसते घर आणि घरामागची विहीर पाहायची होती. गाडीवाल्याने चार हजार सांगितले. त्या महिन्यात मुलीची फी भरायची होती. रत्नाकर म्हणाला होता, "आत्ता नाही गं आई. ओढाताण आहे. दिवाळीत जाऊ." आई बरे म्हणाली. पुन्हा तिने विषय काढला नाही. भाद्रपदात ती गेली.

हे सारे गुरुजींना ठाऊक होते. दहाव्या दिवशी ते आले होते, तेव्हा रत्नाकरने भिंतीकडे तोंड करून त्यांना एवढेच सांगितले होते. दुसऱ्या कोणाला त्याने ते कधी सांगितले नाही.

"कार्ड कधी घेतलेस?" गुरुजींनी विचारले.

"आई गेली, त्याच्या पुढच्या महिन्यात."

"हं."

त्या कार्डाने काय काय घेतले होते, ते त्याच्या डोळ्यांपुढून जाऊ लागले. धाकट्या भावाचा पहिला धंदा, मग दुसरा. मेहुणीच्या मुलाचा लॅपटॉप. बायकोने एकदा दुकानाच्या काचेतून नुसते पाहिलेले गंठण. मुलीची सहल. प्रत्येक वेळी समोरच्याने मागितले की त्याच्या छातीत काहीतरी दाटून येई आणि तोंडून शब्द निघे, "होईल, काळजी करू नको." समोरचा चेहरा उजळला की त्याला घटकाभर हलके वाटे. घटकाभरच.

गुरुजी बोलू लागले. त्यांचा आवाज वर्गात असे तसाच होता, सावकाश.

"तुझ्या घरात 'नाही' म्हणणारे एकच काही उरले होते, ती मर्यादा. जे तुझ्या मुखातून निघत नव्हते, ते ती तुझ्या वतीने म्हणत होती. आज ती म्हणाली, 'आता पुरे.' तेव्हा तू माझ्याकडे विचारायला आलास, की हिला कशी गप्प करू? हिलाच मागे ढकलू, की हिच्याशेजारी दुसरी आणून बसवू? अरे, या दोहोंत निवड अशी काही नाहीच. पाच लाखांची केलीस तरी तीही एके दिवशी 'पुरे' म्हणेल. त्या दिवशी तुझे वय साठ असेल आणि पगार बंद झालेला असेल."

ते पुढे झुकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आईला तू नकार दिलास. तो चुकला असेल. तो पुसायला माझ्याजवळ काही नाही, कोणाजवळच नसते. पण तू ज्यांना ज्यांना देतोस, त्यांतल्या कोणाच्याही हातून ते आईपर्यंत पोहोचत नाही. एवढेच मला सांगायचे होते."

रत्नाकरने चेहरा दोन्ही हातांत झाकला. गुरुजींनी त्याला रडू दिले. पाठीवर हात ठेवला नाही, समजावले नाही. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारले, "मर्यादा पुन्हा खाली आणता येते का?"

"फोन करून सांगावं लागतं."

"मग सांग. माझ्यासमोर."

रत्नाकरने बँकेला फोन लावला. बराच वेळ फोनवर गाणे वाजत राहिले. मग एक मुलगी बोलू लागली. आजच वाढवलेली मर्यादा आजच कमी का करायची, हे तिला कळेना. "सर, ही तुमच्यासाठी खास सुविधा आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"नको आहे," रत्नाकर म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडात परका वाटत होता. अर्ज नोंदवला गेला. कमी व्हायला सात दिवस लागतील असे तिने सांगितले. वाढायला एक मिनिट पुरले होते.

पंचवीस हजार त्याने जाता जाता यंत्रात भरले आणि घरी आला.

घरी धाकटा भाऊ दिवाकर येऊन बसला होता. त्याला जुना टेम्पो घ्यायचा होता. साठ हजार आधी भरायचे होते. ही गोष्ट गेल्याच आठवड्यात ठरल्यासारखी झाली होती. रत्नाकरची बायको मंदाकिनी पोहे करत होती.

"काय दादा, काम झालं ना? उद्या सकाळी पैसे द्यायचेत टेम्पोवाल्याला," दिवाकर म्हणाला.

रत्नाकर त्याच्यासमोर बसला. "दिवाकर, मला नाही जमणार."

दिवाकर हसला. थट्टा आहे असे त्याला वाटले. "वहिनी, दादाला बघा!"

"थट्टा नाही. माझ्याकडे पैसे नाहीत. आधीही नव्हते. मी जे देत होतो ते माझं नव्हतंच."

दिवाकरचे हसू हळूहळू मावळले. मग तो बोलू लागला. मी शब्द देऊन बसलोय. आता त्या माणसाला काय तोंड दाखवू. द्यायचे नव्हते तर आधी सांगायचे. कोणाचे तरी ऐकून आला आहेस. रत्नाकर ऐकत राहिला. "होईल, बघतो काहीतरी," हे शब्द दोनदा त्याच्या ओठांपर्यंत आले. त्याने ते गिळले. पोह्यांची बशी तशीच ठेवून दिवाकर उठला. दाराशी वळून म्हणाला, "आई असती तर तिला हे पाहवलं नसतं."

तो गेला. पुढे तो वर्षभर आला नाही. भेटला तरी रस्ता बदलून जाई. नकार दिला की मन मोकळे होते, असे रत्नाकरने कुठेतरी वाचले होते. तसे काही झाले नाही. अंत्यविधीहून परतल्यावर घर जसे रिकामे वाटते, तसे ते घर त्याला वाटले.

मंदाकिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "किती आहे?" तिने विचारले.

"एक लाख शेहेचाळीस हजार."

ती खाली बसली. गळ्यातल्या गंठणाकडे तिचा हात गेला आणि तिथेच राहिला. त्याला वाटले, आता ती रागावेल, रडेल, उद्याचे काय म्हणून विचारेल. त्याने मनातल्या मनात उत्तरेही जुळवली. पण ती पुष्कळ वेळ नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. ओळख पटवून घ्यावी तशी.

"मला वाटायचं, आपल्याकडे आहे म्हणून तुम्ही देता," ती म्हणाली. "मी मागतच गेले."

"तू कुठे काय मागितलंस?"

"एकदा तरी मला नाही म्हणायचं होतंत. मला कळलं तरी असतं, तुमचं काय चाललंय ते."

सहा वर्षे रत्नाकर सर्वांना देत आला होता, आणि त्या सहा वर्षांत या घरात त्याला ओळखणारे एकही माणूस उरले नव्हते. दिवेलागण झाली होती, पण दिवा लावायला दोघांपैकी कोणी उठले नाही. मग त्याने तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागला.