दार लावणारी कासारीण

सोनगिरीच्या मार्तंडराजांना एके दिवशी वाटलं, की आपल्या पाठीमागे प्रजा काहीतरी बोलते. झालं! लगेच दवंडी पिटली गेली, की यापुढे कुणीही घराचं दार लावायचं नाही. प्रत्येक उंबऱ्यावर सरकारचा एक कानकरी बसेल. घरात जे बोललं जाईल ते त्यानं ऐकायचं आणि दरबारात जाऊन सांगायचं.

गावाची पार दशा झाली. नवरा-बायको खाणाखुणांनी भांडू लागले. एका म्हाताऱ्याच्या घोरण्यात काही संकेत आहे का, यावर दरबारात दुपारभर खल झाला. एक सासू तर, सुनेला नावं ठेवता येईनात म्हणून अंथरुणालाच खिळली.

बयना कासारीण मात्र एका संध्याकाळी सरळ दार लावून बसली. कानकऱ्यानं कडी वाजवून वाजवून हात दुखवून घेतला, पण तिनं उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला दरबारात उभं केलं.

दार का लावलं, असं राजांनी विचारलं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे होते, असं तिनं सांगितलं. कटाचे? नाही. चोरीचे? नाही. मग कुणाची निंदानालस्ती? तीही नाही.

राजांनी मिशीला पीळ दिला. "ज्याच्या मनात पाप नाही, त्याला दार हवं कशाला? ऐक कासारणी. ज्यात गुन्हा नाही, पाप नाही, कुणाचं वाईट नाही, आणि तरीही भर दरबारात बोलता येत नाही, असं एक वाक्य आत्ता दाखव. नाहीतर तू हद्दपार!"

दरबारी गालातल्या गालात हसले. बयना पेचात पडली. बोलून दाखवावं, तर ते दरबारात बोलता आलंच की! न बोलावं, तर दाखवलं कुठं?

तेवढ्यात पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या किणकिणल्या. त्या परवाच बयनानं राजवाड्यात जाऊन भरल्या होत्या. तिला काहीतरी आठवलं आणि तिनं हसू कसंबसं दाबलं.

"वाक्य आहे सरकार," ती म्हणाली. "पण ते आपल्याच घरचं आहे. मी आपल्या कानात सांगते, आपण मोठ्यानं म्हणावं."

राजे वाकले. बयना कुजबुजली, की परवा ती बांगड्या भरायला गेली, तेव्हा हुकुमाप्रमाणे राजवाड्याचंही दार उघडंच होतं. आत राणीसाहेब महाराजांना शिरापुरीचा घास भरवत म्हणत होत्या, "गुबगुबीत घुबड ते माझं, आ कर बघू!"

राजांचे कान लालबुंद झाले.

दिवाणजी लगबगीनं पुढे आले. राजद्रोह आहे का? राजांनी नकारार्थी मान हलवली. शिवी आहे का? तसंही नाही. मग महाराजांनी खुशाल सांगावं, असं दिवाणजी म्हणाले. राजांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"सांगता येणार नाही," ते अखेर म्हणाले. "घरातलं आहे ते!"

"माझंही घरातलंच होतं, सरकार," बयना म्हणाली.

पडद्याआड आधी राणीसाहेब फिस्सकन हसल्या. मग राजे हसले, ते इतके, की फेटा सुटून दिवाणजींच्या अंगावर पडला. कानकऱ्यांना त्याच दुपारी घरी धाडलं. बयनाला बक्षीस म्हणून खास सुताराकडून घडवलेलं सागवानी दार मिळालं, पितळी कडीचं.

ते बघायला सगळं गाव लोटलं. पण दार आतून लावलेलं होतं.