खुणेचं नाव

सांगा बरं, ज्या मुलीला ऐकूच येत नाही, ती तुमचं नाव कसं घेईल?

अक्कांनी हाच प्रश्न शर्वरीला केला, तेव्हा ती धनगरवाड्यावरच्या अक्कांच्या शाळेच्या ओसरीत बसली होती. मांडीवर जाडजूड आराखडा होता.

"ते नंतर बघू, अक्का," ती पान उलटत म्हणाली. "आधी माझं ऐका."

अक्का ऐकू लागल्या.

ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्यात अक्कांचं सगळं आयुष्य गेलं होतं. शर्वरी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. आता ती जिल्ह्याच्या कचेरीत होती, आणि डोंगरातल्या कर्णबधिर नि अंध मुलांच्या शिक्षणाची आखणी तिच्याकडे सोपवलेली होती. शहरात एकच मोठी शाळा, तिला लागून वसतिगृह. कानाची यंत्रं, ब्रेलची पुस्तकं, शिकलेले शिक्षक... सगळं एका छपराखाली. जिवाचं रान करून तिने हे जुळवून आणलं होतं. परवा बैठक होती. वाड्यावाड्यांवरच्या आया मुलं पाठवायला तयार झाल्या, तरच शाळा मंजूर होणार होती.

आणि आया अक्कांच्या तोंडाकडे बघत होत्या.

समोर ठकूबाई बसली होती. तिला चिकटून तिची सात वर्षांची हौसा. हौसाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

"बाई, राती भ्या वाटलं तर ही कुणाला सांगंल?" ठकूबाईने विचारलं.

"त्याची सोय आहे." शर्वरीने पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. "रात्री दोन सेविका असतील."

"त्यास्नी हिचं कळंल?"

"त्यांना शिकवलेलं असेल. इथे लिहिलंय बघा."

"मला कुठं वाचता येतंय..." ठकूबाई हसली. मग हसू मावळलं. "आन् तिथलं हातवारं शिकून सुट्टीला घरी आली, तर मला तरी तिचं कळंल का?"

शर्वरी पानं चाळू लागली. बराच वेळ चाळत राहिली.

"मोठी साहेबीण झालीस गं," अक्का म्हणाल्या. "सगळ्यांची उत्तरं मांडीवर."

"टोमणे नकोत, अक्का. तुमचा हो की नाही, तेवढं सांगा."

"माझा प्रश्न आधीचा आहे."

शर्वरीने आराखड्यावरून नजर न काढताच उत्तर दिलं. "खुणेने घेईल. पाहुणा आला की दुपारच्या आत मुलं त्याला खुणेचं नाव देतात. तुमच्याकडेच शिकलेय ना मी! तेव्हाच्या मुलांनी माझं ठेवलं होतं, गालावरची खळी."

"ती मुलं मोठी झाली, गेली. आताच्यांनी काय ठेवलंय?"

"...खळीच असेल."

अक्कांनी हौसाकडे बघून शर्वरीच्या दिशेने हात केला. ही कोण?

हौसाने झटकन स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं आणि डोक्याच्या मध्यावरून सरळ मागे ओढत नेलं.

अंगणात खेळणाऱ्या मुलांनी ते पाहिलं. त्यांनीही डोक्यावरून बोटं ओढली. एकमेकांना कोपरखळ्या मारून हसली.

शर्वरीलाही हसू आलं. "हे काय? मुकुट की काय? म्हटलं, कचेरीतून आलेली मोठी बाई..."

"मला काय विचारतेस? जिनं ठेवलंय तिला विचार."

शर्वरीने हातांनीच विचारलं आणि पुन्हा खाली बघितलं. वारा सुटला होता, पान उडत होतं.

हौसा उठली. जवळ आली. शर्वरीच्या केसांतल्या भांगावरून तिने हलकेच बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग हनुवटीखाली हात घातला आणि शर्वरीचं तोंड वर उचललं.

निरखून बघत राहिली. डोळे, नाक, ओठ. घरात नवीन माणूस आल्यावर बघावं तशी.

"सकाळपासून तुझा तेवढा भांगच दिसलाय तिला," अक्का म्हणाल्या.

शर्वरीने मान पुन्हा खाली घातली नाही. पान उडालं, ते तिने उडू दिलं.

मग ती ठकूबाईकडे वळली. "हिला भूक लागली की तुम्हाला कसं कळतं?"

"माझा पदर चावती."

"आणि भीती वाटली की?"

"माझ्या हाताची मूठ करती. आन् त्या मुठीत आपला अंगठा कोंबती." ठकूबाई जरा लाजली. "आमचं आपलं आडाणी काम, बाई."

"हे मला माहीत नव्हतं," शर्वरी म्हणाली.

"इचारलं कुणी?"

शर्वरी अक्कांकडे वळली.

"अक्का, बैठकीत मी सांगणार आहे. शाळा होईल, मी ती करूनच दाखवेन. पण पहिलं वर्ष मुलांना हलवायचं नाही. शिक्षकांना हलवायचं. एकेका वाड्यावर राहू देत. आईला खुणा शिकवू देत, आणि आईच्या खुणा शिकून घेऊ देत."

"साहेब लोक हसतील."

"हसू देत."

"पुन्हा सगळं लिहावं लागेल."

"लिहीन. रात्री बसून लिहीन."

"कंटाळशील."

"नाही कंटाळणार." तिने उडालेलं पान उचललं, आराखड्यात घातलं आणि आराखडा पिशवीत टाकला. "उद्या दुपारची गाडी धरेन. तोवर इथेच राहते, हिच्या घरी. ही पोर माझं नाव बदलेपर्यंत मी हिच्यासमोर मान खाली घालणार नाही."

"एकदा ठेवलेलं नाव ही मुलं बदलत नाहीत."

शर्वरीने हौसाकडे बघितलं.

"...मग?"

"मग त्याच नावानं कामाला लाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ठकूबाईने शर्वरीला तोंडाने हाक मारली नाही. लेकीने दाखवलं तसं डोक्यावरून बोट ओढलं.