चौथी खाच

"पट्टो काढलंय, आबा... तरी थांबत कित्याक नाय?"

गुणाजीने लेथवर फिरणाऱ्या लाकडाकडे बोट दाखवलं. दाराशी चपला काढून भिवाआबा आत आले आणि त्या लाकडाकडे बघत उभे राहिले.

सावंतवाडीत लाकडी खेळणी कातणाऱ्यांत आबांचा हात सगळ्यांत जुना. त्यांचा शिष्य गुणाजी मात्र उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तीनशे भोवऱ्यांचं काम त्याने आबांना न विचारताच घेतलं होतं. लेथ तुझ्या हाती देईन, पण वेग वाढवायचा नाही, एवढीच आबांची अट होती.

लेथच्या पुलीला तीन खाचा. चौथी, सगळ्यांत लहान, लाखेने बुजवलेली. पट्टा लहान खाचेत घातला की लाकूड जास्त जोरात फिरतं. आज आबा जेवायला गेले आणि गुणाजीने ती लाख टोकरून काढली.

याच लेथवर अकरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ बाबल गेला होता. पट्टा चौथ्या खाचेत होता, फिरतं लाकूड निसटून कपाळावर बसलं. बाबलला घाई नडली, असं सगळी आळी म्हणे. गुणाजीही तेच म्हणत आला होता. भावाची त्याला लाज वाटायची.

चौथ्या खाचेवर लाकूड इतकं जोरात फिरलं, की जागच्या जागी थांबल्यासारखं दिसू लागलं. गुणाजी घाबरला. त्याने बटण बंद केलं. मग पट्टाच उतरवला.

लाकूड फिरतच राहिलं... आवाज न करता.

"भोवऱ्याक लाख कसली लावलंस?" आबांनी विचारलं.

"अजून लाखेक हातच लावूक नाय."

खेळण्यावर चढवलेल्या रंगीत लाखेला चकाकी आणायला केवड्याचं पान धरतात. आबांनी ते उचललं आणि पानासकट तळहात लाकडावर ठेवला. दाबला नाही. झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा, तसा ठेवला.

लाकूड थांबलं.

भोवऱ्याच्या गळ्याशी हिरव्या लाखेचं बारीक वळं होतं. अजून गरम. दुकानात हिरवी लाख कितीतरी वर्षांत आली नव्हती. असं वळं आळीत एकटा बाबल काढायचा.

गुणाजीने त्या वळ्याला बोट लावलं. मग त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"दादाक अजून घाई आसा, आबा?"

आबांनी फळीवरची काळी लाख घेतली आणि त्याच्या हातात दिली. बोटाने त्यांनी उघडी पडलेली खाच दाखवली. गुणाजी लाख हातात धरून तसाच बसला.

"ही खाच दादान पाडलेली मां?"

आबांचा हात अजून भोवऱ्यावरच होता.

"तेका कधीच घाई नाय होती, गुणाजी... खाच मिया पाडलंय."